दोन बेडक्या आणि एक रोटर

मेस्त्री एका टेम्पोखाली उताणे पडले होते, तेव्हा त्यांना मास्तरांच्या चपला दिसल्या. सोमवारी सकाळी मास्तरांनी गॅरेजात यायचे काही कारण नव्हते. चपला टेम्पोपाशी येऊन थांबल्या आणि वरून आवाज आला, "मेस्त्री, बेडकी विकायची ठरवलीय. गुरुवारी गिऱ्हाईक येतंय बघायला."

मेस्त्रींच्या हातातला पाना निसटून कपाळावर पडला. तो लागल्याचे त्यांना संध्याकाळी कळले.

बेडकी म्हणजे मास्तरांची गाडी. हिरवी, बुटकी, दोन दिवे वटारून बसलेली, इंजिन मागे आणि डिकी पुढे. पंपावरचा माणूससुद्धा तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय पेट्रोल कुठे ओतायचे ते सांगू शकत नसे. तिचा कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली होती. साऱ्या गावात अशा दोनच गाड्या उरल्या होत्या. एक मास्तरांची, दुसरी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दोन्हींची नाडी कळणारे मेस्त्री एकटेच.

"अहो, पण एकाएकी?" मेस्त्री टेम्पोखालूनच म्हणाले. बाहेर यायचा त्यांना धीर होईना.

"एकाएकी कसलं? रविवारी लोण्यासारखी चालते. सोमवार ते शनिवार ढिम्म. चार वर्षं मी म्हणतोय, असेल बिचारीची प्रकृती. पण गेल्या मंगळवारी हिला चक्कर आली, आणि बेडकी हूं की चूं करेना. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोत, कॅनच्या मधोमध बसवून दवाखान्यात नेलं."

"काकू बऱ्या आहेत ना?"

"ती ठणठणीत आहे. पण आता गाडी नको."

"आणि गिऱ्हाईक कोण म्हणालात?"

"तुमच्याच ओळखीच्या. डॉक्टरीणबाई."

मेस्त्रींना टेम्पोच अंगावर बसल्यासारखे वाटले.

कारण असे होते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा रोटर तडकला. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. तो इंजिनात गरगर फिरतो आणि ठिणगी प्लगपर्यंत पोचवतो. तो नसेल तर गाडी म्हणजे नुसता डबा. मेस्त्रींनी परदेशातल्या एका जुन्या दुकानातून नवा मागवला. गॅरेजला धड पत्ता नव्हता म्हणून मास्तरांच्या घरचा दिला. पंधरा दिवसांत येईल म्हणाले होते. तोवर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना अडू नये, म्हणून मास्तरांच्या गाडीतला रोटर त्यांनी गुपचूप काढून तिकडे बसवला. मास्तर गाडी काढत फक्त रविवारी, आणि दवाखाना रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळी तिकडून काढायचा, मास्तरांच्या गाडीत घालायचा. रविवारी संध्याकाळी उलट. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता.

पंधरा दिवसांची चार वर्षे झाली. दुकानाचे 'पाठवला' असे पत्र आले, रोटर आला नाही. दर शनिवारी नि रविवारी न बोलावता दारात हजर होणारा मेस्त्री पाहून दोन्ही घरे भारावून गेली. "तेलपाणी बघायला आलो," मेस्त्री म्हणत. "अशी माणसं आता राहिली नाहीत," डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडात आरसा घालून सांगत. मेस्त्रींचा प्रामाणिकपणा गावभर झाला, आणि जितका झाला तितके खरे सांगणे अवघड होत गेले. दोन्ही बेडक्या एकाच दिवशी रस्त्यावर कोणी कधी पाहिल्या नव्हत्या. ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. आता दोन्ही एकाच दारात उभ्या राहणार होत्या.

मेस्त्री तीन रात्री झोपले नाहीत. गुरुवारी पहाटे उठून ते डॉक्टरीणबाईंच्या दारात गेले आणि आवाज न करता रोटर काढून खिशात टाकला. हिशोब सरळ होता. बाईंची गाडी सुरू होणार नाही, बाई बसने येतील, मास्तरांची गाडी बघून जातील. पुढचे पुढे बघू.

आठ वाजता फोन आला.

"मेस्त्री, माझी गाडी सुरूच होत नाही हो!"

"हात्तिच्या! मग आज बसनं या ना बाई. मी संध्याकाळी येऊन बघतो."

"छे, छे! मला दोन्ही शेजारी उभ्या करून बघायच्यात. यांना सांगते, जीपला बांधून ओढत आणतील. तुम्ही तिथं असणारच की. तिथंच दुरुस्त करा."

मेस्त्रींनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तळहाताचा घाम फोनवरून खाली ओघळत होता.

दहाच्या सुमारास जीपमागून दोराने बांधलेली दुसरी बेडकी मास्तरांच्या अंगणात शिरली. दोन्ही गाड्यांच्या पाठी कुंपणाकडे होत्या, हे एकच देवाने बरे केले होते. मेस्त्री कुंपण आणि गाड्या यांच्या मधल्या बोळात शिरले की पुढून फक्त त्यांचे टक्कल दिसे.

रोटर मेस्त्रींनी आधीच बसवून ठेवला होता; मास्तरांची गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. "गुरुवार आहे ना आज?" मास्तरांनी दोनदा विचारले.

"आता माझी बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघतो. ही जरा बंद करतो. तापलीय." मेस्त्रींनी गरम रोटर उपटून मुठीत दाबला. मूठ भाजली तरी तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या गाडीत बसवताना तो दोनदा गवतात पडला. तिसऱ्यांदा बसला. गाडी सुरू झाली.

"बघा! नुसता हात लावला मेस्त्रींनी," डॉक्टरीणबाई यजमानांना म्हणाल्या. यजमान दोर गुंडाळत होते. त्यांना कशातच रस नव्हता.

मेस्त्रींनी कपाळ पुसले. झाले, सुटलो, असे त्यांच्या मनात येते न येते तोच मास्तर खुर्चीवरून उठले. मास्तर शाळेत गाणे शिकवत. डोळ्यांनी दगा दिला होता, पण कान तसेच तिखट होते.

"मेस्त्री, आता दोन्ही एकदम सुरू करा. एका सुरात लागतात का ऐकू."

"एकदम?" मेस्त्रींचा आवाज चिरकला.

"हो, एकदम! मलाही कळू दे कुठलीचं इंजिन सरस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेस्त्रींच्या तोंडचे पाणी पळाले. "घोटभर पाणी पिऊन आलो," असे म्हणून ते मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेले. पाणी त्यांना नकोच होते. सगळे कबूल करायचे आणि तेही आधी काकूंसमोर, असे त्यांनी ठरवले होते. चार वर्षे ज्या घराने चहा पाजला, त्या घरातली बाई आपल्यापायी दुधाच्या कॅनमध्ये बसून दवाखान्यात गेली, ही गोष्ट त्यांना सोमवारपासून आतून खात होती.

"काकू, एक सांगायचंय. बेडकी आठवडाभर चालत नाही ना, त्याला कारण..."

"तो काळा तुकडा," काकू ओट्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "शनिवारी घालता, रविवारी काढता. या खिडकीतून सगळं दिसतं, मेस्त्री."

मेस्त्रींनी दाराची चौकट धरली. "तुम्हाला... कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच करताय. यांची नजर किती अधू झालीय ते तुम्हालाही दिसलं असणार. दर रविवारी तासभर मी जीव मुठीत धरून बसते. रोज बसायला लागलं असतं तर मी कधीच गेले असते. मी तर मनातल्या मनात तुमचं भलं चिंतत होते."

चहा उतू जाऊ लागला तसे त्यांनी पातेल्यावरचे झाकण उचलले. झाकण स्टीलचे होते. त्याचे बटण मात्र काळे, अंगठ्याएवढे, डोक्यावर पितळेची पट्टी.

मेस्त्री त्या बटणाकडे बघतच राहिले. याच पातेल्यातला चहा त्यांनी चार वर्षे दर शनिवारी आणि रविवारी बाहेर पायरीवर बसून प्यायला होता.

"काकू... हे..."

"पार्सल आलं होतं. उघडलं, बघितल्या बघितल्या ओळखलं. म्हटलं, हा तुकडा गाडीत गेला की हे सातही दिवस गाडी काढणार. नेमकं झाकणाचं बटण तुटलं होतं. खालच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली, खुंटीत स्क्रू. कसं घट्ट बसलंय. चटकासुद्धा बसत नाही."

"पण त्या मंगळवारी तुम्हाला चक्कर आली तेव्हा..."

"दूधवाला काय सुरेख चालवतो हो! यांनी नेलं असतं तर वाटेत दुसरी आली असती."

बाहेरून मास्तरांनी हाक मारली. मेस्त्रींनी हात जोडले. "काकू, द्या तो. नाहीतर आज माझी अब्रू जाते. गाडी तरी विकली जाईल, तुमचाही घोर मिटेल."

काकूंनी चहा खाली उतरवला. "विकायची नाही मला ती," त्या हळूच म्हणाल्या. "रविवारी फिरून आले की हे दोन दिवस गुणगुणत असतात. ते थांबलं तर मला घर खायला उठेल." मग त्यांनी सुरीच्या टोकाने स्क्रू काढला, खुंटी उपटली. "देते. पण संध्याकाळी हे बटण परत झाकणावर पाहिजे. आणि रविवारी तुम्ही यांच्या शेजारी बसायचं. चार वर्षं मी एकटीनं भीती काढली. आता निम्मी तुम्ही घ्या."

मेस्त्रींनी त्या घटकेला काहीही कबूल केले असते.

दोन मिनिटांनी अंगणात दोन्ही बेडक्या एकदम सुरू झाल्या. मास्तर डोळे मिटून उभे राहिले. "एकाच सुरात आहेत हो!" त्यांनी मान डोलवली. मेस्त्रींचे डोळे भरले. दोन्ही इंजिने एका वेळी त्यांनी चार वर्षांत प्रथमच ऐकली.

"छानच चालतेय," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "म्हणजे सुटे भागही चांगले निघतील. दारं, काचा, गिअरबॉक्स..."

मास्तरांनी डोळे उघडले. "सुटे म्हणजे?"

"अहो, माझीला काही लागलं तर बाजारात मिळतंय कुठं? एक चालवायची, एक पोखरायची."

"पोखरायची?" मास्तर बेडकी आणि डॉक्टरीणबाई यांच्या मधे जाऊन उभे राहिले. "बाई, चहा घ्या आणि या. गाडी विकायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी खूप समजावले, यजमानांनी दोर पुन्हा सोडला आणि पुन्हा गुंडाळला, पण मास्तर हलले नाहीत. शेवटी बाई आपली गाडी आपणच चालवत घेऊन गेल्या. संध्याकाळी मेस्त्रींनी मास्तरांच्या गाडीतला रोटर काढून काकूंच्या हातात दिला. शुक्रवारी मास्तरांनी किल्ली फिरवली, बेडकी ढिम्म. "आली मूळ पदावर," असे म्हणून ते पेपर वाचत बसले. कोणाचे काही बिघडले नव्हते, बिंग फुटले नव्हते. मेस्त्री त्या रात्री घोरत झोपले.

मग रविवार उजाडला. काकूंनी झाकणाचे बटण तेवढ्यापुरते मेस्त्रींच्या हाती दिले.

बेडकी फाटकातून बाहेर पडली आणि मेस्त्रींना पहिल्यांदा कळले की काकू चार वर्षे कशात जगत होत्या. मास्तर मान पुढे काढून, नाक काचेला टेकवून चालवत होते. रस्त्याची मधली पांढरी रेघ दोन चाकांच्या बरोबर मधून चालली होती. मेस्त्रींचे दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर दाबले गेले होते.

"मेस्त्री, समोर उभा आहे तो माणूस की खांब?"

"खांब! मास्तर, खांब आहे! डावीकडे, डावीकडे घ्या!"

खांब मेस्त्रींच्या कानाजवळून गेला. पुढे एक सायकलवाला सायकल सोडून गटारात उतरला. मास्तरांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सहा महिने झाले," ते म्हणाले. "मला भीती वाटते हो, मेस्त्री. म्हणून तर विकायला काढली होती. चक्कर वगैरे नुसतं निमित्त. पण हिला कळलं तर ती मला रस्त्यावर पायीसुद्धा जाऊ देणार नाही."

मेस्त्री खाली उतरले, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या दाराशी गेले. मास्तर मुकाट्याने शेजारच्या सीटवर सरकले. मेस्त्रींनी तासभर गाडी फिरवली. मास्तर काच खाली करून इंजिनाचा सूर ऐकत होते, आणि परतताना चक्क गात होते.

घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर दोघांनी पुन्हा जागा बदलल्या. काकू फाटकात उभ्या होत्या.

"आज किती सावकाश आलात!" त्यांचा चेहरा उजळला होता. "मेस्त्री, तुम्ही शेजारी होतात म्हणून हो. तुमचे उपकार कसे फेडू? असेच दर रविवारी येत जा."

"येईन की," मेस्त्री म्हणाले. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, पण तो आधीच ओला होता. चार वर्षे एक रोटर दोन गाड्यांत फिरवला, तो घोर संपला होता. आता एका गाडीत दोन ड्रायव्हर फिरवायचे होते. कोपऱ्यापासून फाटकापर्यंतची पन्नास पावले दर रविवारी मास्तरच चालवणार होते, आणि त्या पन्नास पावलांत तीन खांब होते.