एका बटणात मातृभाषा

मातृभाषा टिकवायची तर आधी तिचा पसारा आवरला पाहिजे, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल. आम्हा तंजावूरच्या मराठी मंडळींना ते फार लवकर पटलं. आम्ही ती घरात बोलतो, तमिळ अक्षरांत लिहितो आणि भांडण रंगात आलं की इंग्रजीवर जातो.

आमच्या मंडळातला वादिराज संगणकवाला. कीबोर्डही त्याने स्वतः जुळवलेला (आवाज ऐकून शेजारी टाइपरायटर समजतात). त्यातल्या एकाच बटणावर त्याने आईसाठी चार वाक्यं बसवली. एक टिचकी मारली की ‘बरं’ जातं. दोन मारल्या की ‘जेवलीस का?’ दाबून धरलं की ‘कामात आहे, मग बोलतो’. टिचकी मारून दाबून धरलं की ‘सणाच्या शुभेच्छा’; सण कुठलाही असो. चारच का? तर त्याने आईला पाठवलेले जुने मेसेज तपासले, तेव्हा त्याची स्वतःची एवढीच वाक्यं निघाली. पाचवं शोधून सापडेना. मातृभाषेच्या या सेवेबद्दल मंडळाने त्याला शाल दिली. भाषण मीच केलं (इंग्रजीत).

त्याची आई अंबाबाई तंजावूरजवळच्या तिरुवैयारु गावी एकट्या राहतात. उत्तरं झटपट येऊ लागली तशा त्या हरखल्या. “माझा वादी आता लगेच बोलतो गं,” असं शेजारच्या अखिलाला कौतुकाने सांगत.

मग त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळ तंजावूरलाच, वादिराजच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. त्यांनी लिहिलं, “उद्या सकाळी बोलावलंय. मला फार भय वाटतं रे. तू येशील ना?”

एक टिचकी. ‘बरं.’

सकाळी बाई उपाशीपोटी टाउन बसने आल्या. नर्सने विचारलं, सोबत कोण? “मुलगा येतोय,” म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून ते ‘बरं’ दाखवलं. तासभर वाट पाहून त्यांनी लिहिलं, “वादी, कुठे आहेस? घरच्यांची सही पाहिजे म्हणतात.”

दोन टिचक्या. ‘जेवलीस का?’

(ऑपरेशनआधी पाण्याचा घोटही चालत नाही. पण बटणाला कोण सांगणार!)

“नाही रे. तू ये की आधी.”

‘कामात आहे, मग बोलतो.’

शेवटी बाईंनी अखिलाला फोन केला. ती हातातलं काम टाकून मिळेल त्या बसने आली. नात्याच्या रकान्यात ‘शेजारीण’ लिहून तिनेच सही केली. ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आल्यावर बाईंनी फोन तिच्या हातात दिला. “हा बंद करून ठेव गं. उगाच त्याला त्रास नको.” आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मंडळाने रीतसर चौकशी केली. बटणात दोष आढळला नाही. ‘येतो’ हा शब्द त्यावर नव्हता, कारण तो कधी वापरातच नव्हता. शाल परत घ्यावी असं मी सुचवलं. बहुमत झालं नाही.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांनी ‘काय मेला मुलगा!’ म्हणून नाक मुरडू नये. तुमची मराठी अस्खलित, देवनागरी, ऱ्हस्वदीर्घासकट. आज सकाळी तुमच्या आईने गुडघ्याचं दुखणं एवढं सविस्तर लिहून कळवलं, त्यावर तुम्ही वर केलेला अंगठा पाठवलात. आमचा वादिराज निदान अक्षरं तरी पाठवतो.