माल उतरी राहिना!

सुकलालआप्पांची फाईल डाऊनलोड होत असली, की आमच्या घरात कुकरलासुद्धा शिट्टी मारायची परवानगी नसते. "माल उतरी राहिना, गप बसा!" माल उतरतोय, अशी अहिराणीतली ताकीद भिंतीपलीकडून येते आणि माझी बायको मुकाट्याने गॅस बारीक करते.

कोसाडच्या कॉलनीत आम्ही शेजारी. दोन घरांत मिळून एकच वाय-फाय, आणि ते आप्पांकडे, देवाच्या फळीवर. तीस वर्षं त्यांनी लूमवर मिस्त्री म्हणून काढली. लूम सुटले, हात काही स्वस्थ बसेनात, मग ते ब्राऊझरच्या मागे लागले. डाऊनलोडआधी बाकीचे टॅब बंद, जुना कचरा साफ, राऊटरवर फडकं. त्यानंतर आमच्या घरातले मोबाईल मोजून बंद करायचे. व्हिडिओ कॉल म्हणजे तर महापाप!

मी साड्यांची डिझाईन्स करतो. फाईली जडच असतात. एकदा एक फाईल ऐंशी टक्क्यांवर अडकली. मी वैतागून रद्द करायला गेलो, तर आप्पांनी माझा हातच धरला. "धागा तुटना तर मिस्त्री गाठ मारस. सूतना आख्खा बीम नवा लावस का रे?" त्यांनी 'पुन्हा सुरू'चं बटण दाबलं आणि फाईल ऐंशीच्या पुढे चालू लागली. मग एकच फाईल चार तुकड्यांत ओढायची सेटिंगही करून दिली. वेग वाढला, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. तेव्हापासून सगळी बिल्डिंग लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी असते.

अशा या आप्पांची स्वतःची फाईल मात्र अडली. त्यांच्या मुलीने, वंदनाने, स्वतःच्या मनाने लग्न केलं, नाशिकला गेली. तीन वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. मागच्या आठवड्यात तिने नुसती एक लिंक पाठवली: नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा अख्खा व्हिडिओ. आप्पांना तो एका दमात उतरवायचा होता. रोज राऊटर पुसायचे, रोज म्हणायचे, "आज लाईन बरी नही." रविवारी एकदाचं बटण दाबलं, तर लिंकची मुदत संपलेली.

"गाठ मारा की, आप्पा," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

"दुसरं टोक तिनाकडे शे," आप्पा हळूच म्हणाले.

मग त्यांनी मोबाईल उचलला. वंदनाला फोन लावला. "माय, मी बोली राहिनू... तो व्हिडिओ नही उतरना. आखो एकदाव धाड."

पलीकडे आधी रडणं ऐकू आलं, मग हसणं. नवी लिंक आली, मीच बटण दाबलं. तेवढ्यात वंदनाने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर दोन दात असलेली नात दिसली आणि इकडे डाऊनलोड गोगलगायीसारखं रांगायला लागलं. इतक्या दिवसांचा सूड घ्यायची संधी मी कशी सोडणार?

"आप्पा, कॉल बंद करा! माल उतरी राहिना!"

आप्पांनी डोळे पुसले आणि मला हातानेच गप बसवलं.

"उतरू दे रे सावकाश," ते म्हणाले. "माले काय घाई शे?"