डक्ट आम्हीच जोडला!

शेगडीवरचा धूर बाहेर नेणारा पत्र्याचा डक्ट जोडायला फिटर कशाला लागतो, हे मला कधीच कळलेलं नाही. चौकोनी तुकडे एकावर एक ठेवायचे, कडेला पट्टी ठोकायची, झालं! पोरं काड्यापेट्यांची आगगाडी करतात, त्यांच्याकडे कुणी फिटर पाठवतो का?

हे मी बायकोला, म्हणजे संयोगिताला, छाती पुढं काढून सांगितलं. प्रसंगच तसा होता. वर्षाची चटणी करायची होती. मिरची कुटायच्या डंखावर आमचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मिरच्या आजच भाजायला हव्या. भाजल्या की खाट उठणारच, म्हणजे डोळ्यानाकाला झोंबणारा धूर. आणि आजच दुपारी शेजारच्या आप्पासो-राजमतीवहिनींच्या आदितीला बघायला कुरुंदवाडहून पाहुणे येणार होते!

"नंबर सोडूया," संयोगिता म्हणाली. "आमच्या मिरचीची खाट तिकडं गेली आणि पावणं उठून गेलं, तर राजमतीवहिनींना तोंड कसं दाखवू? पोरगी गुणाची हाय. जमू दे एकदाचं."

"नंबर सोडायचा नाही! पावणं यायच्या आत डक्ट उभा करतो. खाट थेट आभाळात!"

"उद्यमनगरातला फिटर परवा येतो म्हणालाय की."

"परवा येऊन तो काय माझं कौतुक करणार? आणि खाट तिकडं गेलीच, तर मिशी उतरवतो!"

संयोगितानं मिशीकडे असं पाहिलं, की जणू ती आत्ताच नाहीशी झालीय.

मदतीला मलकापूरहून माझा मेहुणा केरबा आला होता. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्याला मी गच्चीवर पाठवलं. स्वयंपाकघराच्या स्लॅबला जुन्या चुलीच्या धुराड्याचं भोक होतंच. मी शेगडीपासून वर जोडत येणार, केरबा वरचा भाग जोडून भोकातून खाली सोडणार. वरच्या टोकाला एक वाकडा तुकडा, त्याचं तोंड रस्त्याकडे.

काम तसं सोपं. तुकड्यांच्या कडा बाहेर दुमडलेल्या असतात. दोन कडा एकमेकींना भिडवायच्या आणि दोन्हींवरून पन्हाळीसारखी वळवलेली पट्टी सरकवत न्यायची. पट्टी अर्ध्यापर्यंत लोण्यासारखी जाते. मग ती रुसते. मग हातोडी! मी खालून ठोकत होतो, केरबा वरून ठोकत होता. गल्लीला वाटलं, आम्ही तांब्याच्या घागरी करायला घेतल्या.

शेवटी दोन्ही टोकं भोकापाशी भेटली. भेटली म्हणजे काय, ओळखच द्यायला तयार नाहीत!

"केरबा, तुझा डक्ट आडवा हाय!"

"न्हाय दाजी, तुमचाच उभा हाय!"

"मी रुंद बाजू ओट्याकडं धरलीय!"

"मी रस्त्याकडं धरलीया! तुमी बोलला न्हाईसा!"

चौकोन म्हटलं की चारी बाजू सारख्या, या समजावर आम्ही दोघांनी साठी ओलांडली होती.

"फिरवू का?" वरून आवाज आला.

"फिरव की! विचारतोस काय!"

केरबानं एसटीचं स्टिअरिंग मारावं तसा अख्खा वरचा भाग पाव फेरा फिरवला. टोकं अशी बसली, की मला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला. वर फिरवल्यावर आणखी काय फिरतं, हा विचार दोघांपैकी कुणालाही शिवला नाही. पट्ट्या ठोकल्या, धूर ओढणारा पंखा लावला, मिरच्या कढईत पडल्या.

आणि काय सांगू! स्वयंपाकघरात खाट नाही, ठसका नाही. संयोगिता चक्क गुणगुणत मिरच्या भाजत होती!

"पण धूर गेला कुठं?" तिनं विचारलं.

"आभाळात!"

ही कामगिरी शेजाऱ्यांना सांगायलाच हवी. मी मिशीवर हात फिरवत आप्पासोंचा जिना चढलो. त्यांचा हॉल वरच्या मजल्यावर, आमच्या गच्चीच्या अगदी समोर. दारात पोचलो आणि थबकलो. अख्खी बैठक रडत होती!

मुलाचे वडील डोळे पुसत म्हणत होते, "घर... झ्याक हाय."

"व्हय," नाक लालबुंद झालेले आप्पासो म्हणाले, "हवा... येती चांगली."

मुलाची आई पदरात तोंड घालून बसलेली. नवरा मुलगा पोह्यांच्या बशीत आसवं गाळत होता. पण उठून खिडकी लावायला कुणी तयार नाही! आमच्या जिल्ह्यात चारचौघांत तिखट झोंबलं म्हणणं, म्हणजे हात मिळवायच्या आधीच आखाड्यात पाठ टेकणं. पाहुणे बोलेनात, मग यजमान कसे बोलणार?

मला मात्र गलबलून आलं. "आप्पासो, एवढ्यात रडताय? अजून पोरगी सासरी जायचीय!"

एवढं बोलून मी श्वास घेतला, आणि मला असा ठसका लागला, की चष्मा पोह्यांत पडला.

आदिती ताडकन उठली. "काका, तुमचा डक्ट कुणीकडं बघतोय बघा!"

खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, पत्र्याचं चौकोनी तोंड आ वासून थेट हॉलमध्ये फुंकत होतं. आदितीनं खिडकी धाडकन लावली आणि म्हणाली, "मिरची हाय. झोंबतीया. सांगायला कुणाचं काय जातंय?"

आप्पासोंनी माझ्याकडे पाहिलं. मी मिशी झाकली.

"बाई गं, झोंबतीया!" मुलाची आई फुटलीच. "कवाधरनं झोंबतीया! ह्यांच्या तोंडाकडं बघून गप बसले!"

"मी पोराकडं बघत हुतो," वडील म्हणाले.

"मी पोह्यांकडं," पोरगा म्हणाला.

हॉलमध्ये असा हशा उठला, की खालून केरबा विचारायला आला, पावणं गेलं का म्हणून.

"आमच्या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस पायजेच हुतं," मुलाची आई आदितीला जवळ ओढत म्हणाली. जमलं!

त्या आनंदात संयोगितानं मिशी माफ केली, पण डक्ट काही सुटेना. जोडताना जी पट्टी सरकत नव्हती, ती आता निघत नव्हती. उद्यमनगरातला माणूस आला, बघून हसला आणि चहा पिऊन गेला.

साखरपुड्यात आप्पासोंनी मला पुढं बोलावलं. "भाऊ, तुमच्यामुळं जमलं, मान तुमचा," म्हणत भरजरी फेटा बांधला. फोटोही निघाला. त्यात मी खरोखर राजबिंडा दिसतोय.

तो फेटा सध्या डक्टच्या तोंडात आहे. संयोगितानं त्याच संध्याकाळी कोंबला. बरोब्बर बसला. त्याला उभं-आडवं काही लागत नाही.