उपवासाचा बबल टी

चहाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये. खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढली आहेत मी. गाडी कधी सुटेल हे सांगताना माझी चूक झाली असेल, चहा कुठला घ्यावा हे सांगताना कधीच नाही! म्हणून विनीतच्या आईला आपण डोंबिवलीत बबल टीच्या दुकानात भेटणार आहोत, असं आमच्या ऐश्वर्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. तिची काळजी तिथूनच सुरू झाली, हे मला नंतर कळलं.

विनीत हा तिनं स्वतः पसंत केलेला मुलगा. राहणारा कल्याणचा, सरळ, नोकरीत स्थिर. अडकलं होतं ते त्याच्या आईपाशी, कलावतीबाईंपाशी. मुलगी चांगली आहे, पण तिच्या घरची माणसं बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलेलं. घरची माणसं म्हणजे मी आणि माझी बायको वैशाली. वैशालीचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे घरातून निघताना मला एकट्यालाच ताकीद मिळाली, की बाबा, तुम्ही फक्त बसा आणि हसा.

दुकानात शिरलो आणि मी भिंतीवरचा फलक बघतच राहिलो. माचा, लीची, पॅशन फ्रूट, ब्राऊन शुगर, तारो, आंबा, गुलाब... आमच्या डेपोतून इतक्या गावांना गाड्या सुटत नसतील! शिवाय गोड किती टक्के हवं, बर्फ किती हवा, तेही आपणच सांगायचं. वैशालीनं आंबा सांगून विषय संपवला. मी ब्राऊन शुगर घेतली. पहिलाच घोट जोरात ओढला, तर एक काळा गोळा त्या जाड नळीतून थेट घशात. पाठीत चार थापा बसल्यावर तो खाली उतरला आणि मी ठरल्याप्रमाणे हसलो.

कलावतीबाई मात्र विनीतशेजारी पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या.

"माझी संकष्टी आहे," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत एक चुकली नाही. तुम्ही घ्या, माझी काळजी करू नका."

आता तुम्हीच सांगा, पाहुणी कोरडी बसलीय आणि आपण तिच्यासमोर नळ्या ओढतोय, हे बरं दिसतं का? ही बाई घरी जाऊन काय सांगेल? मला राहवेना. ऐश्वर्या डोळ्यांनी नको नको म्हणत होती, तरी मी उठलो आणि काउंटरवर गेलो.

तिथल्या मुलीच्या छातीवर मैथिली अशी पट्टी होती. तिला विचारलं, हे काळे गोळे कशाचे? टॅपिओकाचे, म्हणाली. ते काय असतं? तर म्हणाली, काका, आपला साबुदाणा ज्याचा करतात ना, त्याचंच पीठ. झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तारो म्हणजे काय, विचारलं, तर अळकुडीसारखा कंद. म्हणजे साबुदाणा झाला, कंद झाला, वर दूध आणि साखर. अहो, ही तर उपवासाची अख्खी थाळी, फक्त पेल्यात भरलेली! शेजारच्या ट्रेमध्ये पिवळसर, थरथरणाऱ्या वड्या दिसल्या. अगदी घरच्या खरवसासारख्या. म्हटलं, त्याही घाल गं भरपूर. तिनं घातल्या. त्या कशाच्या, एवढं एकच विचारायचं राहिलं.

पेला कलावतीबाईंपुढे ठेवून मी त्यातला एकेक जिन्नस समजावून सांगितला. त्यांनी आधी संशयानं नळी लावली, मग त्यांचा चेहरा खुलला. पिवळ्या वड्या तर त्यांनी चमचा मागवून खाल्ल्या. "आमच्या सासूबाई असा खरवस करायच्या," असं म्हणत त्या चक्क हसल्या, आणि मग वैशालीला गावाकडच्या गोष्टी सांगू लागल्या. विनीतनं टेबलाखालून मला अंगठा वर करून दाखवला. मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. समोर बसलेल्या ऐश्वर्याचाच मेसेज होता.

'बाबा, ते एग पुडिंग आहे. त्यात अंडं असतं.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पेल्यात अजून तीन वड्या शिल्लक होत्या. निदान तेवढ्या तरी वाचवाव्यात म्हणून मी पेल्याकडे हात नेला. कलावतीबाईंनी तो हसत हसत स्वतःकडे ओढला. मी म्हटलं, बघू जरा, चव कशी आहे. होणाऱ्या विहीणबाईंच्या उष्ट्या पेल्याची चव! वैशालीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. विनीत छताकडे बघू लागला. मी पेला सोडेना, त्या सोडेनात, आणि या ओढाताणीत तो आडवा झाला. सगळे गोळे टेबलभर पळाले. तिन्ही वड्या तेवढ्या बाईंनी चमच्यात सुखरूप झेलल्या होत्या.

"अहो, काय झालंय काय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

लपवून नातं जोडायचं नाही, असं मला मनापासून वाटलं. मी हात जोडून खरं ते सांगितलं. वडीत अंडं आहे, चूक माझी आहे, पोरीचा यात काही दोष नाही. ऐश्वर्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यामुळे तिचं लग्न मोडणार, या विचारानं मला तिच्याकडे बघवेना.

कलावतीबाईंनी चमचा शांतपणे खाली ठेवला.

"रवींद्रराव, आम्ही कोकणातले. एरवी अंडं काय, मासळीशिवाय घास उतरत नाही," त्या म्हणाल्या. "आणि नकळत खाल्लेलं बाप्पा मनावर घेत नाही. माझा उपास अंड्यानं नाही मोडला. तुम्ही सांगितलंत, तेव्हा मोडला."

हात दाखवून अवलक्षण ते हेच! मी खाली मान घालून बसलो. मग त्यांनी चमचा पुन्हा उचलला, त्या तीन वड्या संपवल्या आणि विनीतला बाहेरून गरम वडापाव आणायला पिटाळलं. मोडलाच आहे तर उपाशी कशाला राहू, म्हणाल्या.

वडापाव खाऊन झाल्यावर त्यांनी ऐश्वर्याला जवळ बसवलं. "माणसं खरं बोलतात, मला एवढं पुरे. माझा होकार आहे. पण एक अट. लग्नातल्या जेवणाचं काहीही यांनी ठरवायचं नाही."

मी वैशालीकडे बघितलं. नवऱ्याची बाजू ती घेईल, असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याही आधी मान डोलावली होती.