नरसिंगरावकाकांची दुकानपारख

आमच्या काचीगुड्यात नवं दुकान उघडलं की आधी उंबऱ्यावर कोहळा फुटतो, मग पेढे वाटले जातात आणि मग आमच्या वरच्या मजल्यावरचे नरसिंगरावकाका येतात. आमंत्रण नसतं. दुकान कशाचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. कोहळ्याच्या फोडी चुकवत ते थेट मालकापुढे उभे राहतात, पेढा उचलतात आणि विचारतात, "पहले क्या करते थे मियाँ?"

उत्तर मिळालं की पेढा तोंडात जातो आणि निकाल बाहेर येतो. "चलता" किंवा "नै चलता".

काकांचा अख्खा जन्म सरकारी खात्यात दुकानांना परवाने देण्यात गेला. असंख्य दुकानं त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली आणि मिटली. त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं. "भांडवल, जागा, जाहिरात, सगळं झूठ आहे," ते मला सांगतात. "माणूस दुकान नवं काढतो, आणि आत बसून जुनीच नोकरी करतो."

आता हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते. पण बँकेतून निवृत्त झालेल्या एका कॅशियरनं कोपऱ्यावर खानावळ काढली, तेव्हा काका "नै चलता" म्हणाले होते. तो गृहस्थ ऐन जेवणाच्या वेळी शटर अर्धं ओढून स्वतः जेवायला बसायचा. माजी पोलिसाच्या ज्यूस सेंटरचंही तसंच. गिऱ्हाईक मोसंबीचा रस पीत असताना हा कुठून आलात, कुठे निघालात, सोबत कोण आहे, असं विचारायचा. लोक अर्धा ग्लास टाकून पळायचे. उलट बस कंडक्टरच्या इडलीच्या गाडीला काकांनी पहिल्याच दिवशी पास केलं. तिथे अजून रोज सकाळी लोक "आगे बढो, आगे बढो" ऐकत इडली खातात आणि कुणाला राग येत नाही.

काका चुकत नाहीत असं मात्र नाही. सुलतान बाजारात एका निवृत्त मास्तरांनी चपलांचं दुकान काढलं. काका म्हणाले, "नै चलता. जन्मभर पोरांना बाकावर उभं केलेला माणूस लोकांच्या पायाशी कसा बसेल?" दुकान धो धो चाललं. मास्तरांचे सगळे जुने विद्यार्थी मुद्दाम येऊ लागले, सर आपल्या पायात चप्पल घालतात हे बघायला. काही जण तर बायकोलाही दाखवायला घेऊन आले. मी काकांना खिंडीत गाठलं. काका जराही गडबडले नाहीत. "बघ! शेवटी जुनी मास्तरकीच कामाला आली ना?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मी मूळची पुण्याची. एकदा हौसेनं विचारलं, "काका, मी मसाल्यांचा धंदा काढला तर?"

"पुणेवाली, तू आता काय करतीस?"

"प्रोजेक्ट मॅनेजर आहे."

"म्हणजे दुसऱ्यांनी केलं का ते विचारतीस. नक्को माय. मसाला कोण कुटणार?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा या काकांची मुलगी वैशाली कुकटपल्लीला राहते. गावातल्या गावात असून ती काचीगुड्याला फारशी फिरकत नसे. गेल्या वर्षी तिनं कंपनीतली नोकरी सोडली आणि बायकांना स्कूटर शिकवण्याची शाळा काढायचं ठरवलं. फोनवर काकांना नुसता निरोप आला, रविवारी सुरू करतेय. सगळी बिल्डिंग काकांच्या निकालाकडे डोळे लावून बसली. जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्यापाशी, सगळ्यांचा एकच प्रश्न, चलता की नै चलता? काकांनी तोंड उघडलं नाही. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे राहिले. "पुणेवाली, चलतीस का? एकट्याला नको वाटतंय."

रिक्षात काकांनी शर्टाची इस्त्री दोनदा सारखी केली. मग म्हणाले, "लोकांना मी आधीची नोकरी विचारतो. हिच्या आधी तर मी आहे. मी काय दिलं हिला? सहलीला नक्को. पोहायला नक्को. कॉलेजात स्कूटर मागितली, ती तर अजिबात नक्को. असल्या घरातून आलेल्या पोरीचा धंदा कसा चालेल? बुडाला तर माझ्यामुळे बुडेल."

"काका, जिला कुणी अडवलंच नाही, तिला अडलेल्या बायका काय कळणार?" मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मलाही तेव्हा फारसं पटलं नव्हतं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते.

मोकळ्या मैदानात हार घातलेल्या दोन स्कूटर उभ्या होत्या. कोहळा फुटला होता. वैशालीनं आम्हाला पेढा दिला, "आलात?" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. पहिली शिकणारी एक विशीतली मुलगी होती. तिच्याबरोबर तिचे वडील आले होते आणि त्यांनी स्कूटरचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. "नक्को बेटा. गिर गई तो? चल, घर चल." मुलगी रडकुंडीला आली. मागच्या बायकांमध्ये चुळबूळ सुरू झाली. दोघीतिघी तर पर्स सावरत निघायच्या बेतात होत्या. शाळा सुरू व्हायच्या आधीच बंद पडते की काय, असं मला वाटलं.

काका पुढे झाले. पेढा तसाच हातात होता. मला वाटलं, आता हे त्या माणसाला आधीची नोकरी विचारणार. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मियाँ, मैं भी येईच बोला था मेरी बेटी कू," ते म्हणाले. "गिरी नै वो. मगर घर कू आना छोड दी."

त्या माणसानं काकांकडे पाहिलं, मग वैशालीकडे. हँडलवरचा हात हळूहळू सुटला.

वैशाली हेल्मेटचा पट्टा लावत होती. तिचे हात तिथेच थांबले. मग तिनं त्या मुलीला पुढे बसवलं, स्वतः तिच्या मागे बसली आणि स्कूटर सुरू होता होता आमच्याकडे न बघताच म्हणाली, "बाबा, जेवल्याशिवाय जाऊ नका."

स्कूटर वाकडीतिकडी होत मैदानाच्या त्या टोकाला गेली.

"काय म्हणाली गं ती?" काकांनी मला विचारलं.

त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. पण मी पुन्हा सांगितलं.