अल कुसैसमधलं हिमवादळ

माणसं सांभाळावीत तर छायाताईंनी, असं दुबईतलं सगळं अल कुसैस म्हणतं. निदान छायाताई तरी तसंच सांगतात. त्यांच्या इमारतीत खाली पेशावरचा पठाण, वर केरळची नर्स, समोरच्या दारात रत्नागिरीच्या खैरुन्निसाबी. पण इतक्या वर्षांत छायाताईंचं कुणाशी वाजलं म्हणून नाही. मराठी मंडळात गणपतीच्या आरतीवरून दोन तट पडले, तेव्हाही दोन्ही तटांची पक्की खात्री होती की छायाताई आपल्या!

यामागे एक शास्त्र होतं. त्यांचे यजमान सूर्यकांतराव पहिल्यांदा इथे आले ते देरा भागातल्या एका खोलीत, सहा जणांत. त्या खोलीतले वडीलधारे म्हणजे दापोलीचे याकूबभाई. त्यांनी पहिल्याच रात्री या पोराला भात वाढता वाढता सांगितलं, "मत असेल तर गावाला ठेवून ये. इथं पुढचा जे बोलेल त्याला 'बरोबर' म्हणायचं. यल्ला, चल, जेव आता." सूर्यकांतरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की लग्न होऊन छाया आली तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच टॅक्सीत त्यांनी तिला हे शास्त्र शिकवलं. दुसरे नवरे नव्या नवरीला समुद्र दाखवतात. यांनी मान कशी हलवायची ते दाखवलं. तेव्हा कुसैसच्या पुढे नुसती वाळू होती. शुक्रवारी टेलिफोन ऑफिसच्या रांगेत तासभर उभं राहायचं आणि आईचा "हॅलो" ऐकून रडण्यातच फोनची वेळ संपायची. असे दिवस होते ते! पण भांडण नव्हतं कुणाशी.

आता माणूस म्हटला की राजकारणावर बोलल्याशिवाय त्याचं जेवण पचत नाही. इथलं बोलायचं नाही. गावचं बोलावं तर मंडळ फुटतं. उरली अमेरिका. लांबचा देश, आपलं काही जात नाही. म्हणून सूर्यकांतराव रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून अमेरिका चालवत. गाव आणि मस्कत सोडलं तर ते इथून कधी कुठे गेलेले नाहीत, पण अमेरिकेतलं कुठलं राज्य कुणाला मत देतं ते त्यांना जावयाच्या पगारासारखं ठाऊक.

जावई मात्र अजून व्हायचा होता, आणि तिथेच सगळा जीव अडकला होता. एकुलती एक मैथिली, रास अल खैमातल्या टाइल्सच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, आठवडाभर तिथेच राहणारी. एका मुलाला ती नको म्हणाली, कारण तो वेटरशी उर्मट बोलला. दुसऱ्याला नको म्हणाली, कारण तो तिच्याशी फारच नम्र बोलला. मग न्यू जर्सीचा देवांश टिपणीस आला, दोघं तीन-चार महिने फोनवर बोलली, आणि एके दिवशी मैथिली म्हणाली, "ही इज ओके, आई." छायाताईंनी त्या एका 'ओके'वर देवापुढे साखर ठेवली.

देवांशचे आईवडील, प्रकाशराव आणि आभाताई, जानेवारीत पुण्याहून अमेरिकेला परत निघाले होते. वाटेत दुबईत एक दिवस थांबायचं, मुलगी बघायची, घर बघायचं आणि रात्रीच्या विमानाने जायचं, असं ठरलं. आले. मुलगी बघितली. पसंत पडली! आभाताईंनी मैथिलीच्या गालावरून हात फिरवला, प्रकाशरावांनी पुरणपोळी तिसऱ्यांदा घेतली, आणि रविवारच्या संध्याकाळी मैथिली आपली गाडी घेऊन कामावर परत गेली.

तेवढ्यात तिकडे अमेरिकेवर बर्फ कोसळलं. साधंसुधं नव्हे. वारा, गारा, वीज गेलेली, रस्ते बंद, विमानतळ बंद. पाहुण्यांचं विमान रद्द झालं. विमान कंपनी हॉटेल देत होती. छायाताईंनी ऐकूनच घेतलं नाही. घर असताना हॉटेल कसलं? दोनच दिवस तर. मैथिलीच्या खोलीत नवी चादर पडली आणि छायाताईंनी खैरुन्निसाबींना दारातच सांगून टाकलं, "बघाच तुम्ही. हे दोघं जाताना तारीख काढूनच जातील."

पहिल्याच सकाळी लक्षात आलं की पाहुणे एकमेकांशी बोलत नाहीत. प्रकाशराव नवऱ्यासारखे वागत होते, आभाताई बायकोसारख्या. पण मीठ मागायचं तर सूर्यकांतरावांमार्फत. कारण हळूहळू कळलं. त्या देशात दोन पक्ष, एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. प्रकाशराव हत्तीवाले, आभाताई गाढववाल्या. मागच्या निवडणुकीपासून घरात अबोला.

प्रकाशराव स्वतः तरुणपणी उसना कोट घालून अमेरिकेत उतरले होते, आणि आता त्यांचं म्हणणं होतं की दार बंद करावं, फार लोक येतात. आभाताईंचा जीव गरिबांसाठी आणि पृथ्वीसाठी तुटे. विजेची उधळपट्टी या विषयावर त्या इतकं तळमळून बोलत, आणि तेही मैथिलीच्या खोलीतला एसी अठरावर लावून, की छायाताईंना दुबईत राहून पहिल्यांदा कपाटातून शाल काढावी लागली.

टीव्हीवर दिवसभर बर्फ. प्रकाशराव म्हणत, एवढी थंडी पडलीय आणि म्हणे पृथ्वी तापतेय. आभाताई स्वयंपाकघरात म्हणत, पृथ्वी तापल्यामुळेच ही थंडी. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ कुणी टाकलं नाही, तारा कुणी दुरुस्त केल्या नाहीत, दूध कुणामुळे संपलं. आभाळातून पडलेल्या प्रत्येक कणाला एक पक्ष होता.

छायाताईंनी लगेच बेत आखला. सूर्यकांतरावांनी हॉलमध्ये हत्ती सांभाळायचा, आपण स्वयंपाकघरात गाढव. दोन्हीकडे एकच वाक्य : बरोबर आहे तुमचं.

खैरुन्निसाबी सांदणं घेऊन आल्या तेव्हा त्यांना हा बेत सांगितला. त्या डबा ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "छायाताई, दोघांनाही हो म्हणताय. पण नवराबायको आहेत ती. कधीतरी आपसात बोलतील ना."

"ती बोलत नाहीत, हीच तर माझी सोय आहे," छायाताई म्हणाल्या.

आणि सोय झालीही! सूर्यकांतरावांना तर इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या विषयाला हक्काचा श्रोता मिळाला. ते नुसतं 'बरोबर' म्हणून थांबेनात. प्रकाशराव म्हणाले दार बंद करा, तर हे म्हणाले कडी लावा. ते म्हणाले कडी, तर हे म्हणाले वर कुलूप. स्वतः परक्या देशाच्या व्हिसावर जन्म काढलेला माणूस, अल कुसैसच्या सोफ्यावर बसून अमेरिकेचं दार लावत होता! प्रकाशरावांनी खूश होऊन आपली हत्तीवाली टोपी त्यांना देऊन टाकली. इकडे छायाताईंनी भेंडी चिरता चिरता आभाताईंबरोबर उत्तर ध्रुवावरच्या अस्वलांसाठी डोळे पुसले. त्यांना गाढवाचं चित्र असलेली कापडी पिशवी मिळाली. टोपी चपलांच्या कपाटात गेली, पिशवी तांदळाच्या डब्यामागे.

दोनाचे चार दिवस झाले, विमान उडेना. पण छायाताईंची ना नव्हती. आभाताई आता त्यांना "वहिनी" सोडून "छाया" म्हणू लागल्या होत्या, आणि प्रकाशराव हॉलमध्ये लग्न पुण्यात करायचं की इथे, याची चाचपणी करत होते. रात्री कूस बदलताना छायाताईंनी शालू कुठल्या रंगाचा हेसुद्धा ठरवलं.

पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर देवांशचा फोन आला. आभाताईंनी सगळ्यांना दिसावा म्हणून मोबाइल फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला. पोरगा दोन जाकिटं घालून गाडीत बसला होता. तिघांच्या तिथल्या घरात वीज नव्हती, म्हणून गाडी सुरू करून फोन चार्ज करत होता. पाण्याचा पाइप गोठून फुटला होता आणि तळघरात तळं झालं होतं. घरात जनरेटर होता खरा, पण तो धूर ओकतो म्हणून आभाताईंनी गेल्या उन्हाळ्यात देऊन टाकला होता. आणि थंडीआधी पाइपला कापड गुंडाळायला माणूस आला, तर त्याचे व्हिसाचे कागद बघितल्याशिवाय घरात घेणार नाही म्हणून प्रकाशरावांनी त्याला परत पाठवला होता. म्हणजे तळं दोन्ही पक्षांनी मिळून बांधलं होतं.

दोघंही फोनकडे बघून, एकमेकांकडे न बघता, बोलू लागले. देवांशने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तो कुडकुडत इंग्रजीत म्हणाला की डॅड रोज फोन करून सांगतात, दुबईच्या घरात सगळे माझ्या बाजूने आहेत. मॉम रोज फोन करून सांगते, दुबईच्या घरात सगळे माझ्या बाजूने आहेत. "त्या घरात नक्की राहतात तरी किती लोक?"

हॉलमध्ये जे गार झालं, ते एसीने नव्हतं.

प्रकाशराव सावकाश वळले. "सूर्यकांतराव, तुम्हीच सांगा. हत्ती की गाढव?"

सूर्यकांतरावांनी छायाताईंकडे बघितलं. छायाताईंनी फळांकडे बघितलं.

"दोन्ही प्राणी तसे उपयुक्त आहेत," सूर्यकांतराव म्हणाले.

छायाताईंना वाटलं, हे अर्धवट राहतंय. त्या मदतीला धावल्या. म्हणाल्या, आणि आमच्याकडे तर उंटच असतो.

"छाया, मग अस्वलांसाठी रडलीस ते?" आभाताईंनी विचारलं.

"भेंडीबरोबर कांदाही होता ना," छायाताईंच्या तोंडून निघून गेलं. खरं बोलायची सवय नसली की ते असं नको त्या वेळी निघतं.

सूर्यकांतराव पुढे झाले आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने म्हणाले, "हे बघा, बर्फ पाडलंय म्हणजे तिथल्या सरकारने काहीतरी विचार करूनच पाडलं असणार." फोनमध्ये देवांश फस्सकन हसला आणि तेवढ्यात त्याची रेंज गेली.

तेव्हा ते घडलं. प्रकाशराव बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस, आभा?"

"ऐकलं," आभाताई म्हणाल्या. "चल, खाली जाऊन येऊ."

दोघं समोरच्या बागेत गेली. छायाताई खिडकीच्या पडद्याआडून बघत राहिल्या. पहिल्या फेरीला दोघांत हातभर अंतर होतं. दुसऱ्या फेरीला वीतभर. तिसऱ्या फेरीला आभाताईंनी काहीतरी सांगितलं आणि प्रकाशराव पोट धरून हसले. छायाताईंनी देवाला हात जोडले. नवराबायकोचा अबोला मोडला, तोही आपल्या घरी! याहून मोठा शकुन कुठला? त्यांनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

दोघं वर आली ती शेजारी शेजारी बसली. प्रकाशरावांनी घसा साफ केला. "वहिनी, तुमचे उपकार आहेत. आम्ही दोघं किती तरी दिवसांनी एका गोष्टीवर एक झालो."

"हो ना," आभाताई म्हणाल्या. "मैथिली गोड आहे. पण हे लग्न नको."

मग दोघांनी मिळून कारण सांगितलं, एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं, अशा एकजुटीने. आम्ही भांडतो, पण ज्याचं ते म्हणणं तोंडावर सांगतो. तुम्ही पाच दिवस आम्हा दोघांनाही नुसतं 'बरोबर आहे' म्हणत राहिलात. उद्या सुनेने "हो" म्हटलं, तर ते कुठलं हो, हे आम्ही कसं ओळखायचं? शिरा मात्र दोघांनी दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी तिकडचं आभाळ निवळलं, विमान सुटलं, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर खांद्याला खांदा लावून, गप्पा मारत दोघं निघून गेली. अमेरिकेत कुणाला जमलं नाही ते दोन्ही पक्षांचं एकमत छायाताईंनी घडवून आणलं होतं, आणि ते त्यांच्याच मुलीच्या विरोधात.

संध्याकाळी मैथिलीचा फोन आला. देवांशने तिला सगळं सांगितलं होतं. आईवडिलांना इतक्या दिवसांनी एकत्र हसताना बघून त्याला ते मोडवेना, असं म्हणाला होता. मैथिलीचं रडून झालं होतं आणि आता ती चिडली होती. "जस्ट टेल मी वन थिंग, आई. हूज फॉल्ट वॉज इट?"

छायाताईंनी सवयीने तोंड उघडलं. दोघांचंही थोडं थोडं चुकलं, असं गुळमुळीत काहीतरी त्या म्हणणार होत्या. पण समोर सोफ्यावर सूर्यकांतराव अमेरिकेतलं बर्फ कसं वितळतंय ते बघत, पाय पसरून, शेवटचा शिरा खात बसलेले दिसले. आणि छायाताईंना संसारात पहिल्यांदा स्वतःचं, पक्कं, कुणालाही न विचारता आलेलं मत झालं.

"तुझ्या बाबांची," त्या म्हणाल्या.

सूर्यकांतरावांचा चमचा थांबला. "साफ चूक," ते म्हणाले. "सगळं तुझ्या आईनं केलं."

त्या रात्रीपासून छायाताई मैथिलीच्या खोलीत झोपतात आणि मीठ हवं असलं की सूर्यकांतराव समोरच्या दाराची बेल वाजवून खैरुन्निसाबींना सांगतात. जावई काही मिळाला नाही. पण घरात लोकशाही आली.