दारावरचा मेतोदी

या खेपेला मेतोदीने पक्कं ठरवलं होतं: जमेल तेवढंच ठरवायचं, आणि ठरवलं तेवढं करायचं!

त्याआधी त्याने काय कमी ठरवलं होतं? अख्खी डॅन्यूब नदी एकाच कापडावर उतरवायला घेतली, तर निळा रंग संपला तेव्हा पाणी पलीकडच्या रोमानियाला टेकलंसुद्धा नव्हतं. बल्गेरियातल्या रूसे शहरात जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या या विधुराने आता मात्र शहाणपणा केला. एकच चेहरा, वहीच्या पानाएवढा, साध्या पेन्सिलीने! चेहरा स्वतःचाच, कारण दिवसभर घरी सापडणारा दुसरा माणूस नव्हता. आणि घाई नाही. आज डावी भुवई, उद्या उजवी. मिशीला दोन दिवस. नाकाला आठवडा, कारण नाक तेवढं होतंच!

पिंपातला आंबवलेला कोबी खात तो आरशापुढे बसून राहिला. मधे एकदा बेल वाजली. मेतोदी धावत गेला, तर माणूस चुकून या मजल्यावर आला होता. तरी मेतोदीने त्याला "थोडा कोबी घेणार का?" असं विचारलंच. तो पळाला.

चाळिसाव्या दिवशी चित्र पुरं झालं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं झालं! मेतोदीला इतका आनंद झाला, की आता ते कुणीतरी बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याने कडेने काळी पट्टी चिकटवून चौकट केली, वर 'चाळीस दिवस' असं नाव दिलं, खाली स्वतःचं नाव टाकलं, आणि चित्र आपल्याच दाराला बाहेरून लावलं. मग आत स्टूल घेऊन दाराला कान लावून बसला. कौतुक ऐकायला!

आता तुम्ही म्हणाल, बल्गेरियात केस पिकलेल्या माणसाला एवढंही सुचू नये? तिथे काळ्या चौकटीतला चेहरा दारावर लागतो तो फक्त मेलेल्या माणसाचा, आणि वर लिहितात ते जाऊन किती दिवस झाले ते! पण चित्र पुरं झालेल्या माणसाला काय सुचतं हो?

पहिल्यांदा वरच्या मजल्यावरची त्सोंका उतरली.

"अगं बाई! मेतोदी गेला!"

"कधी?" समोरच्या दारातून पेंचो ओरडला. हा निवृत्त बसचालक. इमारतीचा कारभार आपणच चालवतो अशी त्याची समजूत.

"चाळीस दिवस झाले म्हणे! वाच की!"

आत मेतोदीने घाईघाईने स्वतःची नाडी बघितली.

 चाळीस दिवस, आणि इमारतीत कुणाला पत्ता नाही! शेवटी पेंचोने घसा खाकरला.

"मला ठाऊक होतं. मी होतो ना अंत्ययात्रेला. शवपेटीला खांदा दिला. अजून दुखतोय."

"तुमच्या मागेच तर मी!" तळमजल्यावरची केशकर्तनवाली लिल्याना आवाज ऐकून वर आली होती. "काय पाऊस होता त्या दिवशी!"

"पाद्रीबाबांवर छत्री कुणी धरली होती मग?" त्सोंका कशी मागे राहील? "मीच! आणि बँड काय वाजला, बाई बाई!"

अशा थाटाच्या अंत्ययात्रेला आपण हजर नव्हतो याची मेतोदीला चुटपुट लागली.

त्सोंकाने घरी जाऊन, गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तसे, साखर घालून गहू उकडून आणले. पेंचोने वाइन आणली. रीत म्हणून मृतासाठी थोडी जमिनीवर ओतली. थोडी म्हणजे पेंचोच्या हाताने! ती दाराखालून वाहत आली आणि मेतोदीचे मोजे भिजले. तरी पठ्ठ्या हलला नाही. चित्राबद्दल एक शब्द, फक्त एक!

"पण चेहरा बघा ना," लिल्याना म्हणाली.

मेतोदीने श्वास रोखला.

"फोटो कुठून शोधला कोण जाणे," पेंचो म्हणाला. "नाक त्याचं नाहीच. बटाटा आहे नुसता!"

धाडकन दार उघडलं.

"नाक माझंच आहे!"

गव्हाचं पातेलं जिन्यावरून तळमजल्यापर्यंत गडगडत गेलं. त्सोंकाने तीनदा क्रूसाची खूण केली.

"तुम्ही... परत आलात?" लिल्यानाने विचारलं.

"गेलो कुठे होतो? आतच होतो! चित्र काढत होतो!"

"मग पेंचोभाऊ, तुम्ही खांदा कुणाला दिला?" लिल्याना पेंचोकडे वळली.

"तरीच!" पेंचो म्हणाला. "तरीच पेटी इतकी हलकी लागली!"

मग सगळे आत आले. उरलेली वाइन संपवली, कोबी संपवला. कित्येक वर्षांत त्या खोलीत एवढ्या खुर्च्या लागल्या नव्हत्या. दोघांना तर पलंगावर बसवावं लागलं. निघताना त्सोंकाने चित्र मेतोदीच्या तोंडाशेजारी धरून बराच वेळ बघितलं.

"नाक तुझंच आहे रे," ती हळूच म्हणाली. "रोज बघत असते तर ओळखलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली! मेतोदीने केस विंचरले, खुर्ची पुसली, दार उघडलं. कुणी नाही. उंबऱ्यावर त्सोंकाचा पासपोर्टचा फोटो, आणि जिन्यावरून उतरता उतरता तिचाच आवाज:

"माझंही चित्र काढून ठेव रे, वेळ येईल तेव्हा दारावर लावायला! या फोटोत मी आत्ताच मेल्यासारखी दिसते!"

"अगं, समोर बसावं लागेल!"

"बसायला वेळ कुठाय मला? फोटोवरून काढ! आणि घाई नाही हं! अजिबात घाई करू नकोस!"

आठवडाभरात सगळ्यांचे फोटो दाराखालून आले. पेंचोने आपला लष्करातला दिला, डोक्यावर केस असतानाचा.

मेतोदीने ते जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला, कांद्याला, पावाला टेकवून ओळीने उभे केलेत. आता रोज संध्याकाळी अख्खी इमारत त्याच्याकडे जेवायला असते. तो एकेकाची विचारपूस करतो, कोबी वाढू का विचारतो, आणि मग पेन्सिलीला टोक काढतो.

अजून तरी कुणी नाक मुरडलेलं नाही.